जांभूळमळ्यातल्या हापशाचा जबाब

साहेब, तुम्ही माझ्या गळ्यात खोटं बोलणारी पाटी अडकवली आहे. 'वादग्रस्त जागा. वापरास मनाई.' लाल रंगात, लांबून दिसेल अशी. खाली ना तुमचं नाव, ना सही. माणूस पाठवून माझ्या दांड्याला साखळी घातलीत, साखळीला कुलूप ठोकलंत आणि किल्ली तुमच्या कचेरीत ठेवून घेतलीत. वर सांगता, चौकशी केली. कुणाची केली? माझा जबाब कुणीच घेतला नाही. मी लोखंडाचा असलो तरी माझ्या डोळ्यांदेखत सगळं घडलं आहे. तुम्हाला ऐकायला सवड नसेल तर मी पोरांना सांगतो. पोरं निदान मधेच उठून जात नाहीत.

तर मित्रांनो, मी एक जुना हापसा आहे. नाशिकच्या कडेला, अंबडच्या कारखान्यांच्या पलीकडे जांभूळमळा म्हणून वस्ती आहे, तिच्या कोपऱ्यावर मी उभा आहे. तुमच्यातल्या काहींनी हापसा पाहिलाही नसेल. एक लोखंडी खांब, पुढे तोटी, मागे लांब दांडा, पायाशी सिमेंटचा ओटा. दांडा खाली-वर केला की जमिनीच्या पोटातलं पाणी तोटीतून बाहेर येतं. मला वीज लागत नाही, मोटार लागत नाही. मला माणसं लागतात, आणि तीही दोन.

हे नीट समजून घ्या, कारण माझी सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. एका हाताने दांडा मारा आणि दुसरा हात तोटीखाली न्यायला बघा. पोचत नाही. दांडा सोडून तोटीकडे धावा, तोवर धार बारीक होऊन थांबते. हापशावर एकट्या माणसाला नीट तोंडसुद्धा धुता येत नाही. एकाने दांडा मारायचा, दुसऱ्याने धुवायचं, मग जागा बदलायच्या. मला घडवणाऱ्याने हे मुद्दाम केलं की त्याच्याकडून चुकून राहिलं, हा प्रश्न मला जन्मापासून पडलेला आहे.

जन्म माझा कारखान्यातला. पाइप कापला, वेल्डिंग झालं, जस्ताचा मुलामा चढला आणि ट्रकमध्ये भावंडांबरोबर आडवा पडून मी निघालो. काही भावंडं इगतपुरीकडे उतरली. वरून एवढा पाऊस कोसळत असताना लोक खालून पाणी कशाला काढतात, याचं त्यांना फार नवल वाटलं म्हणे. काही मनमाडला गेली. त्यांना तिथे नवल करायला फुरसतच मिळाली नाही. मी इथे आलो. तेव्हा हा खरोखरचा मळा होता. कारभारी नावाच्या शेतकऱ्याच्या वडिलांचा.

सहादू पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन रानभर फिरला होता. मळ्याच्या कोपऱ्यात नारळ हातावर उभा राहिला, तिथेच बोअरचं मशीन लावलं. नारळ खरंच उभा राहतो की सहादू अंगठ्याने उचलतो, हे मला आजवर कळलेलं नाही. पण खालचा काळा खडक फोडून मशीन पार दमलं, नुसती भुकटी उडत राहिली, लोक आपापल्या घरी चालू लागले, आणि मग ती भुकटी ओली झाली.

मला बसवून पहिलं पाणी काढलं त्या दिवशी चतुराबाई इथे होती. सटाण्याकडची सून, नवी लग्न होऊन आलेली, अंगावरची हळदसुद्धा उतरली नव्हती. तिने माझ्या मानेला हळदकुंकू लावलं, ओट्यावर खणानारळाने ओटी भरली. त्याच दिवशी इलाही नावाचा तरुण पिंजारी खांद्याला पिंजण लटकावून, तार टुंग टुंग वाजवत गाद्या भरायची कामं शोधत आला होता. त्यानेही हात उचलून दुआ मागितली आणि दुकानातून साखर आणून पोरांना वाटली. नारळाचे तुकडे आणि साखर पोरांनी एकत्रच खाल्ली. मला तेव्हा वाटलं, हापसा बसवायची हीच पद्धत असते.

दुपारी इलाहीला नमाज पढायची होती. त्याआधी हात, तोंड, पाय धुवावे लागतात, त्याला वजू म्हणतात. तो एकटाच. दांडा मारी, धावत तोटीशी येई, ओंजळ कोरडी. पुन्हा दांडा, पुन्हा धाव. चतुराबाई हंडा घेऊन उभी होती. तिला हसू आवरेना. शेवटी तिने पदर खोचला, दांडा धरला आणि म्हणाली, "धुवा भाऊ सावकाश. नमाज चुकंल नाय तर माझ्या हंड्यामागं." त्या दिवसापासून तो तिचा इलाहीभाऊ आणि ती त्याची वहिनी. तो मळ्यातच राहिला. बायको आणली, गाद्यांचं दुकान टाकलं, म्हातारा झाला, पोरांचा चाचा झाला.

त्याची परतफेड आखाजीला होई. अक्षय्य तृतीयेला चतुराबाईच्या माहेराकडे आखाजी म्हणतात. त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात, कारण उन्हाळ्यात पितरांना तहान लागते. ते पाणी ताजं, जमिनीतलं हवं, असा तिच्या सासूचा दंडक होता. तर दर आखाजीला सकाळी चतुराबाई घागर धरायची आणि इलाही दांडा मारायचा. भरली की ती माझ्या मानेला कुंकवाचं बोट लावायची, एक फूल ठेवायची. पाणी देणाऱ्याला कुंकू लावायचंच, विहीर असो नाहीतर हापसा. त्यात देवबिव काही नव्हतं. तुम्ही दसऱ्याला सायकलला हार घालता, म्हणून सायकलीचं देऊळ बांधता का?

माझ्या उमेदीच्या दिवसांबद्दल फार बोलत नाही. हंड्यांची रांग, भांडणं, झिंज्या ओढणं, मग त्याच बायकांचं एकमेकींच्या डोक्यावर हंडे चढवून देणं, सगळं पाहिलं. माझ्या पाण्यात डाळ मऊ शिजते असं अख्ख्या मळ्याचं मत होतं. आतला वायसर झिजला की मी कुरकुरायचो, मग माणूस येऊन वायसर बदलायचा, दांड्याच्या आतल्या साखळीला ग्रीस लावायचा, आणि मी पुन्हा तरणा.

मग नळ आले. मळ्याचे प्लॉट पडले, घरं झाली, पलीकडे लिफ्टच्या इमारती उठल्या. मी मागे पडलो. माझ्या दांड्याला लोकांनी पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे बॅनर बांधले. ओट्यावर स्कूटर लागल्या. चतुराबाई आणि चाचा सोडले तर माझ्याकडे येणारं कोणी उरलं नाही. उन्हाळ्यात नळ दिवसाआड झाले की चार हंडे यायचे, पावसाळा आला की परत शुकशुकाट. मी तक्रार करत नाही. पण एक खोड मला तेव्हापासून जडली: कुतूहल. जमिनीखालचं ओढून वर काढणं हाच ज्याचा जन्मभराचा धंदा, त्याला रिकामपणी दुसरं काय सुचणार? माणसं बोलतात वर आणि असतं खाली भलतंच. ते काय असतं, हे बघायचा मला नाद लागला.

आणि मग मशिदीचा विषय निघाला.

मळ्यात मुसलमानांची घरं वाढली होती. कोणी मालेगावहून कंपनीत आलेलं, कोणी मनमाडहून रेल्वेतून निवृत्त झालेलं. मशीद हायवेच्या पलीकडे. तरुण माणसं मोटारसायकलवर जायची. चाचांचे गुडघे गेलेले. त्यांनी गाद्यांच्या दुकानात मागची खोली झाडून घेतली होती, तिथे चारदोन म्हातारे कापसाच्या गठ्ठ्यांमधे नमाज पढायचे. पण शुक्रवारची नमाज सगळ्यांबरोबर पढायची असते. त्यासाठी चाचा हायवेच्या कडेला येऊन उभे राहायचे, ट्रकांकडे बघायचे. एका शुक्रवारी तर वेळ टळून गेली तरी ते अलीकडेच उभे होते. परत येताना माझ्या ओट्यावर टेकले आणि चतुराबाईला म्हणाले, "वहिनी, मरायच्या आधी एवढंच पायजे. पायानं जाता येईल अशी एक जागा."

एवढंच. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढे इतका आरडाओरडा झाला की ती सगळे विसरले.

माझ्या मागचा प्लॉट रिकामा होता. कारभारीतात्यांचा शेवटचा तुकडा. चाचांनी आणि बाकीच्या घरांनी मिळून तो रीतसर विकत घेतला, नकाशा काढला, परवानगी मागितली. आणि ज्या प्लॉटवर इतकी वर्षं लोक कचरा फेकत होते, तो प्लॉट एकाएकी सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा झाला.

एका रविवारी माझ्याभोवतीच बैठक भरली. मंडपवाल्याच्या खुर्च्या आणल्या होत्या. मी ओट्यावरून बघत होतो. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, कोणाला नेमकी कशाची भीती आहे.

पहिल्यांदा कारभारीतात्यांना धरलं. मयूर म्हणून एक तरुण आहे, त्याला पुढच्या निवडणुकीत उभं राहायचं आहे. त्याने विचारलं, तात्या, जागा त्यांनाच का विकली? तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"अरे, तुम्हालाच दाखवत होतो ना दोन वर्सं. तुझ्या बापाला दाखवला. म्हणला, हापसा अंगावर येतो, पानी साचतं, नगं. समद्यांनी नाय म्हणलं तवा यांनी हो म्हणलं. आता काय हापशाला दोष देऊ?"

लोक हसले. मयूर हसला नाही.

मग इमारतीतल्या स्नेहलताई उठल्या. त्या बँकेत आहेत, सोसायटीच्या सेक्रेटरी आहेत. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. शुक्रवारी गाड्या कुठे लावणार, भोंगा किती मोठा, पहाटे माझ्या सासूबाईंची झोप मोडणार का, असं सरळ विचारलं. मला ती बाई आवडली. जे पोटात ते ओठावर, मधे गंजलेला पाइप नाही.

चाचा म्हणाले, भोंगा नको. मला वेळ कळते आणि ज्याला यायचं त्यालाही कळते. त्यावर त्यांचा पुतण्या मुनीर तडकला. उंच मिनार पाहिजे, भोंगा पाहिजे, आपण काय चोरून राहतो का, असं तो म्हणाला. चाचांनी त्याला एवढंच विचारलं, की मला गुडघे आहेत का मिनार चढायला? पुन्हा हसू झालं. मुनीरही हसला नाही. त्या दिवशी न हसणारे दोघंच होते, मित्रांनो, आणि पुढचं सगळं त्या दोघांनीच केलं.

स्नेहलताईंनी आणखी एक गोष्ट विचारली. थोड्या घुटमळल्या, मग म्हणाल्या, "चाचा, मी आजवर कुठली मशीद आतून पाहिलीच नाही. तुमची ती दुकानातली खोली बघायला आले तर चालेल का?"

चालेल म्हणजे काय, चाचांनी तेव्हाच खोली उघडली. त्या आणि इमारतीतल्या दोघी-तिघी चपला काढून आत गेल्या. मी बाहेर, जीव मुठीत धरून. काय दिसतंय यांना? काय सापडणार? बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या, साडीला कापसाचे पुंजके चिकटलेले. बायांनी विचारलं, काय आहे हो आत? स्नेहलताई म्हणाल्या, "काही नाही हो. एक चटई, एक घड्याळ. आणि पंखा नाही."

गाड्यांचा प्रश्न त्यांनी सोडला नाही, तो बरोबरच होता. तात्यांनी शुक्रवारपुरती आपली मोकळी जागा द्यायचं कबूल केलं. भोंगा बाहेर नाही. मशिदीचं दार रस्त्याच्या विरुद्ध अंगाला. हापसा आहे तिथेच राहील, सगळ्यांसाठी. चहा आला, खुर्च्या उचलल्या. भांडण न करता माणसं एखाद्या गोष्टीच्या तळाशी जाऊ शकतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. माझ्यासारख्याला याहून गोड पाणी कोणतं?

पुढच्याच आठवड्यात आखाजी होती.

सकाळी चतुराबाई घागर घेऊन आली. चाचा काठी टेकत आले, दांडा धरला. हळूहळू घागर भरली. चतुराबाईने माझ्या मानेला कुंकू लावलं, जास्वंद ठेवली. दोघं आपापल्या घरी गेले. मागून मयूर मोटारसायकलवरून आला. थांबला. माझ्याकडे बघितलं. मोबाइल काढला.

दुपारपर्यंत माझा फोटो नाशिकभर फिरला. काय तर म्हणे, जांभूळमळ्यातलं प्राचीन जलदेवीचं ठाणं, आणि त्यावर मशीद बांधायचा घाट! प्राचीन! माझ्या पाठीवर कारखान्याचा शिक्का आहे, त्यावर इंग्रजीत साल आहे. पण शिक्का वाचायला पाठीमागे जावं लागतं, आणि सगळे फोटो समोरून काढतात.

संध्याकाळी माणसं आली. मळ्यातली थोडी, बाहेरची जास्त. मला हार घातले. माझ्या दांड्याला हिरवी साडी नेसवली. माझ्या तोटीला कुणीतरी चांदीचे डोळे चिकटवले. मित्रांनो, मान मिळाला म्हणून मी खूश झालो असेन असं वाटतं तुम्हाला? दुसऱ्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. चतुराबाई हंडा घेऊन आली आणि साडी बाजूला सारून दांडा धरायला लागली, तर एक अनोळखी बाई ओरडली, देवीचा हात ओढतात का? चतुराबाई थक्क झाली. जन्मभर पाणी दिलं तेव्हा मी लोखंड होतो, आणि देवी झाल्याबरोबर माझं पाणी बंद.

चतुराबाई गप्प बसणाऱ्यातली नाही. तिने मयूरला भर रस्त्यात गाठलं. रागावली की तिच्या तोंडी माहेरची बोली येते, 'आहे'चं 'शे' होतं.

"ते कुंकू मनं शे," ती म्हणाली. "मी लावलं. तो हापसा शे, देवी नही. आन तुला ठावं हाय. लहानपणी तुझं ढुंगण याच पाण्यानं धुतलंय मी, आन दांडा कोण मारत व्हतं? इलाहीभाऊ."

मयूर खाली बघत म्हणाला, "मावशी, हा श्रद्धेचा विषय आहे. तुम्ही मधे पडू नका."

"माझं कुंकू, आन मीच मधी पडू नको?"

त्याने गाडी सुरू केली. जे पोटात होतं ते त्याने वर येऊ दिलं नाही. माझ्या जन्माचा धंदा तिथे फसला.

आता तुम्ही म्हणाल, एकाच बाजूने चूक केली. थांबा. मुनीरने माझा ओटा तपासला. पाणी वाहून जायला त्यात एक पन्हळ आहे, गवंड्याने काढलेली, तीही वाकडी. मुनीरने तिचा फोटो टाकला: ही वजूची जुनी जागा, इथे आधीपासूनच मशीद होती. चाचांनी त्याला दुकानात बोलावून दार लावलं. आतून काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण मुनीर बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल होते. तोवर तोही फोटो सुटला होता. म्हणजे बघा, समोरून मी देऊळ, खालून मी मशीद. हापसा म्हणून मला ओळखणारी दोनच माणसं उरली, आणि दोघंही म्हातारी.

रविवारी जे एकत्र चहा प्यायले, ते एकमेकांना टाळायला लागले. स्नेहलताईंनी सोसायटीत सांगून बघितलं की अहो, आपलं ठरलं होतं सगळं. त्यांना कुणीतरी विचारलं, मॅडम, तुम्ही आत जाऊन आलात ना? त्या परत काही बोलल्या नाहीत. गॅलरीतून माझ्याकडे बघायच्या, आत जायच्या. त्यांचा मला राग येत नाही. पण खरं माहीत असलेला माणूस आत निघून जातो, हे मी लिहून ठेवतोय.

आणि मग साहेब, चौकशीला तुम्ही आलात.

भर उन्हाळा, दुपार. तुम्ही गाडीतून उतरलात, रुमाल काढलात. माझी साडी उचलून पाहिलीत, दांडा हलवलात. तुमच्या हाताला गंज आणि ग्रीस लागलं. तुम्ही म्हणालात, "याला पाणी आहे का?" त्या गर्दीत सगळे देवीबद्दल आणि वजूबद्दल बोलत होते. पाण्याबद्दल विचारणारे तुम्ही पहिलेच. माझी आशा वाढली. मला वाटलं, हा माणूस खाली बघणारा आहे.

चतुराबाई पुढे आली. तिने दांडा धरला. तुमच्यापुढे कोणाची हिंमत होणार देवीचा हात म्हणायची? तुम्ही हात धुतलेत. मग तोंडावर पाणी मारलंत. मग वाकलात, ओंजळ केलीत, डोळे मिटलेत आणि पिऊ लागलात. उन्हाने तुमचा घसा सुकला होता, तुम्ही पितच राहिलात. चतुराबाईचा हात भरून आला. आता तो काही तरणा हात नाही. चाचा शेजारीच होते. त्यांनी काठी ओट्याला टेकवली आणि दांडा आपल्या हातात घेतला. धार तुटली नाही. तुमचे डोळे मिटलेलेच होते. तुम्ही प्यायलात, उभे राहिलात, मिशा पुसल्यात आणि म्हणालात, "पाणी गोड आहे हो."

चतुराबाईने तुम्हालाही सांगितलं, कुंकू माझं आहे. तुम्ही म्हणालात, "आजी, तुम्ही एका बाजूच्या आहात, तुमचं धरता येत नाही." तिने विचारलं, "कंच्या बाजूची, सायेब?" तुम्ही घड्याळ बघितलंत.

पुढच्या सोमवारी तुमचा माणूस साखळी घेऊन आला. साडी काढली, डोळे काढले, पाटी अडकवली. मशिदीची परवानगी थांबली, कारण हापसा वादग्रस्त. हापसा बंद, कारण मशीद वादग्रस्त. चाचांच्या दुकानावरही ताकीद आली: मागच्या खोलीत लोक जमवायचे नाहीत. म्हणजे ती चटई आणि ते घड्याळही गेलं. मयूर आता दुसऱ्या वस्तीतल्या दुसऱ्या वादात असतो, माझ्याकडे फिरकत नाही. हार वाळले, कुणी काढलेसुद्धा नाहीत. देवीला कोणी विचारत नाही, मित्रांनो. तिचं काम झालं होतं.

यंदाची आखाजी आली. चतुराबाई सवयीने घागर घेऊन आली. चाचाही आले, तेही सवयीनेच. त्यांनी दांड्याला हात लावला. साखळी खणकली. दोघं ओट्यावर बसले, मधे रिकामी घागर.

चतुराबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाऊ. नळाचं भरते. पितर घेतील समजून."

"पितर घेतील वहिनी," चाचा म्हणाले. "माझं कसं? मला कुणी समजून घ्यायचं?"

तिने पिशवीतून कुंकवाची डबी काढली, माझ्या मानेकडे बोट नेलं, आणि मागे घेतलं. भ्याली. माझ्यापाशी चतुराबाई पहिल्यांदाच भ्यालेली मी पाहिली. तिचं कुंकू तिच्या भावाच्या आड आलं होतं, आणि ते पुन्हा लावायची तिला हिंमत होईना. बोटावरचं कुंकू तिने पदराला पुसलं. चाचांनी ते बघितलं आणि नजर हायवेकडे वळवली. तो शुक्रवार होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याने शेवटी तुम्हाला काही शिकवावं अशी रीत आहे. माझं मागणं साधं आहे. तुमच्या गल्लीत कुठे हापसा उभा असेल तर त्याचा दांडा अधूनमधून हलवा, नाहीतर आतली साखळी गंजून बसते. वायसर बदलायला लावा. ओट्यावर स्कूटर लावू नका. कोणी तुम्हाला मोबाइलमध्ये माझ्यासारख्याचा समोरचा फोटो दाखवला, तर उठा आणि पाठीमागे जाऊन बघून या. आणि कुणी एकटा माणूस तोटीशी धडपडताना दिसला, तर त्याला नाव विचारायच्या आधी दांडा धरा. नाव मागाहून विचारता येतं.

आता पोरांनो, बाजूला व्हा. मला साहेबांशी बोलायचं आहे.

साहेब, माझं पाणी तुमच्या पोटात आहे. तुम्ही तोंड धुवायला सुरुवात केलीत तेव्हा दांडा चतुराबाईच्या हातात होता. तुम्ही मिशा पुसल्यात तेव्हा तो इलाहीचाचांच्या हातात होता. मधे कधीतरी हात बदलले, आणि तुम्हाला कळलं नाही. पाणी खारं झालं नाही, धार तुटली नाही, तुम्ही ओंजळ मागे घेतली नाहीत. उलट गोड म्हणालात, आणि घरी जाऊन मला वादग्रस्त ठरवलंत.

मग इथे या, सगळ्यांसमोर उभे राहा, आणि आठवून सांगा: त्या ओंजळीतल्या नेमक्या कितव्या घोटापासून मी वादग्रस्त झालो?